ज्ञानकोश आणि जाहिरात

गेल्या सत्रात आम्ही नववीच्या वर्गाला एक छोटासा अभ्यास दिला होता. हैदराबाद-सिकंदराबाद या जुळ्या शहरांतील एखादा कारखाना, पेढी अथवा कंपनी निवडावी व तिच्याविषयी ज्ञानकोशात शोभेल अशी दीडशे शब्दांची नोंद लिहून आणावी, एवढाच तो अभ्यास. एका विद्यार्थ्याने बिस्किटांच्या एका कारखान्यावर नोंद आणली. तिचे पहिलेच वाक्य असे होते : ‘गुणवत्तेचा अखंड ध्यास घेतलेली ही कंपनी बिस्किट-उद्योगातील एक अग्रगण्य नाव असून ग्राहकांचा अतूट विश्वास हेच तिचे खरे भांडवल होय.’ वाक्य शुद्ध होते, अक्षर वळणदार होते. आम्ही विचारले, “अग्रगण्य म्हणजे कितवी?” तो गप्प राहिला. “ग्राहकांचा विश्वास कोणी मोजला?” तरी गप्पच. अखेर मान खाली घालून तो म्हणाला, “बाई, हे मी मनाने लिहिलेले नाही. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातच असे आहे.”

वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही, कारण मुलगा खरे बोलत होता. आम्ही घरी येऊन तो लेख उघडून पाहिला, तो शब्दाशब्दाने तसाच होता. दोष मुलाचा नव्हता. ज्या पानावर ज्ञान असावे तेथे कोणीतरी जाहिरात लिहून ठेवली होती आणि मुलाने ती ज्ञान समजून भक्तिभावाने उतरून घेतली होती. त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनात घोळत आहे. तोच येथे आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे मांडीत आहोत.

जाहिरात ही काही वाईट वस्तू नव्हे. दुकानदाराने आपल्या मालाची तारीफ करू नये, असे कोण म्हणेल? मोंढा मार्केटातला भाजीवाला आपली वांगी कोवळी आहेत असे ओरडून सांगतो, तेव्हा आपण त्याला खोटारडा म्हणत नाही. वांगे हातात घेऊन दाबून पाहतो. तो विक्रेता आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून त्याच्या बोलण्याला किती वजन द्यावयाचे हेही ठाऊक असते. खरी पंचाईत होते ती विक्रेत्याने न्यायाधीशाचा झगा घातला म्हणजे. ज्ञानकोशाचे पान हा असा झगा आहे. त्यावर छापलेले वाक्य कोण बोलतो आहे हे दिसत नाही, आणि म्हणूनच ते सर्वांचे, सर्वमान्य असे वाटते.

आपल्या भाषेत ज्ञानकोश म्हटला की डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे नाव प्रथम येते. त्यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश तेवीस खंडांचा असून तो १९२९ पर्यंत पुरा झाला. या प्रचंड कामासाठी केतकरांनी नागपुरास एक मर्यादित कंपनीच काढली होती व तिचे भाग विकून पैसा उभा केला होता. म्हणजे मराठीचा पहिला मोठा ज्ञानकोश हा स्वतःच एका कंपनीचा माल होता! त्यांना वर्गणीदार मिळवावे लागत, त्यासाठी हिंडावे लागे, आपल्या कामाची वाखाणणीही करावी लागे. परंतु वर्गणीदारापुढे केलेले भाषण निराळे व कोशातील नोंद निराळी. आमच्या या शहराचाही त्या परंपरेशी एक धागा आहे. तेलुगू ज्ञानकोशाचे आद्य प्रवर्तक कोमर्राजु वेंकट लक्ष्मणराव यांचे शिक्षण नागपुरास झाले होते व मराठी त्यांना उत्तम अवगत होती. हैदराबादेत १९०१ मध्ये स्थापन झालेल्या श्रीकृष्णदेवराय आंध्रभाषानिलयम् या ग्रंथालयाच्या संस्थापकांत ते होते. मराठी व तेलुगू या दोन शेजारणींनी कोशरचनेचे वेड एकाच पिढीत घेतले, हा योगायोग आम्हास फार गोड वाटतो.

त्या कोशांत आणि आजच्या इंटरनेटवरील कोशांत एक मूलभूत भेद आहे. केतकरांच्या कोशात कोणी काय लिहावे हे संपादक ठरवीत. २००१ च्या जानेवारीत सुरू झालेल्या विकिपीडियाचे दार मात्र सर्वांना उघडे आहे. त्याची मराठी आवृत्ती २००३ च्या महाराष्ट्र दिनी सुरू झाली. तुम्ही, आम्ही, तो भाजीवाला, कोणीही त्यात वाक्य घालू शकतो आणि कोणीही ते काढू शकतो. दार उघडे असल्यामुळे तेथे लाखो निःस्वार्थी माणसे आली, हे त्या प्रयोगाचे वैभव. त्याच दारातून कंपन्यांचे प्रचारकही आले, हे त्याचे दुखणे. म्हणून तेथील जाणत्या मंडळींनी काही नियम घालून घेतले आहेत : लेख तटस्थ असावा, प्रत्येक विधानास पडताळून पाहता येईल असा आधार असावा, ज्याचा त्या विषयात स्वार्थ गुंतला आहे त्याने त्यावर लिहिण्याचे टाळावे. पैसे घेऊन लिहीत असल्यास तसे उघड सांगितलेच पाहिजे, अशी अट २०१४ च्या जूनमध्ये वापराच्या शर्तींत घालण्यात आली. नियम चांगले आहेत. पण नियम पाळले गेले आहेत किंवा नाहीत हे पाहणारे डोळे शेवटी वाचकाचेच.

या मंडळींनी फुगवट्याच्या शब्दांना एक गमतीचे नाव दिले आहे : मोरशब्द. मोर पिसारा फुलवितो, पण त्या पिसाऱ्याने त्याला उडता येत नाही. ‘अग्रगण्य’, ‘सुप्रसिद्ध’, ‘नामांकित’, ‘जागतिक दर्जाची’, ‘अभिनव’, ‘विश्वासार्ह’ हे सारे मोरशब्द होत. त्यांची परीक्षा सोपी आहे. वाक्यातून तो शब्द काढून टाका व पाहा, माहिती काही कमी झाली का? ‘जागतिक दर्जाचा रंग-कारखाना’ यातून ‘जागतिक दर्जाचा’ काढला तर रंग-कारखाना शिल्लक राहतो आणि गेले ते काहीच नसते. दुसरी जात पळवाटेच्या शब्दांची : ‘असे मानले जाते’, ‘अनेकांच्या मते’, ‘तज्ज्ञ सांगतात’. कोण मानतो? कोणते तज्ज्ञ? वर्तमानपत्र वाचताना हे दोन प्रश्न ओठांवर ठेवण्याची सवय आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना लावीत असतो, व त्यामुळे काहींच्या घरी वडीलधाऱ्यांना जेवताना त्रास होतो अशा तक्रारीही आमच्याकडे आल्या आहेत.

येथवर विषय सोपा आहे. मोरशब्द ओळखणे दहा वर्षांच्या मुलालाही जमेल. कठीण भाग पुढे आहे आणि तो समजावून देण्यास आपल्याच शहरातले एक उदाहरण पुरेसे आहे.

सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही कंपनी बी. रामलिंग राजू यांनी १९८७ मध्ये येथे स्थापन केली. तिची नोंदणीकृत कचेरी अनेक वर्षे आपल्या सिकंदराबादेत, सरदार पटेल मार्गावरील मेफेअर सेंटर या इमारतीत होती. २००१ मध्ये तिचे भाग न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात नोंदले गेले. २००८ सालापर्यंत तिच्यात सुमारे त्रेपन्न हजार माणसे कामाला आहेत असे सांगितले जाई. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरांतील कित्येक काका-मामा तेथे नोकरीस होते, आणि मुलीला ‘सत्यम’मधले स्थळ आले म्हणजे घरात पेढे वाटले जात. २००८ च्या सप्टेंबरात उत्कृष्ट कंपनी-कारभाराबद्दल या कंपनीला एक आंतरराष्ट्रीय पारितोषिक देण्यात आले. त्या पारितोषिकाचे नाव ‘सुवर्णमयूर’. मोरशब्दांची गोष्ट सांगता सांगता खराच मोर पुढे यावा, हा योग आम्ही जुळवून आणलेला नाही.

आता अशी कल्पना करा की २००८ च्या त्या शरद ऋतूत दोन विद्यार्थी या कंपनीवर नोंद लिहीत आहेत. पहिला लिहितो : ‘सत्यम ही उत्कृष्ट व पारदर्शक कारभारासाठी जगभर गौरविली गेलेली कंपनी आहे.’ दुसरा लिहितो : ‘सप्टेंबर २००८ मध्ये अमुक संस्थेने या कंपनीला कंपनी-कारभाराबद्दल सुवर्णमयूर पारितोषिक दिले.’ दोघांचाही आधार एकच, बातमीही एकच. मग भेद तो काय?

भेद कळला तो ७ जानेवारी २००९ रोजी. त्या दिवशी रामलिंग राजू यांनी संचालक मंडळास पत्र लिहून कबूल केले की, कंपनीचे हिशेब कित्येक वर्षे फुगविलेले होते. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोकड व बँकेतील शिल्लक मिळून ५,३६१ कोटी रुपये दाखविले होते. त्यांपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. त्याच तिमाहीचे उत्पन्न २,७०० कोटी दाखविले होते, ते वस्तुतः २,११२ कोटी होते. व्यवहारातील नफा ६४९ कोटी दाखविला होता, तो वस्तुतः ६१ कोटी होता. गणिताच्या विद्यार्थ्यांनी या दोन जोड्यांची वजाबाकी करून पाहावी. दोहोंतही उत्तर ५८८ येते. हा निव्वळ योगायोग नव्हे. खऱ्या उत्पन्नामागे खर्च असतो, पगार द्यावे लागतात. खोट्या बिलापोटी दमडीचाही खर्च होत नाही, म्हणून फुगविलेले उत्पन्न जसेच्या तसे नफ्यात जाऊन बसते. पुढील तपासात सात हजारांहून अधिक बनावट बिले सापडली. त्या एका दिवसात कंपनीच्या भागाची किंमत तीन-चतुर्थांशाहूनही अधिक कोसळली, आणि सुवर्णमयूर परत घेण्यात आला.

त्या रात्री पहिल्या विद्यार्थ्याची नोंद साफ खोटी ठरली. दुसऱ्याच्या नोंदीतील एक अक्षरही खोडावे लागले नाही. ‘जानेवारी २००९ मध्ये ते काढून घेण्यात आले’ एवढे एक वाक्य तिच्यापुढे जोडले की काम झाले. तटस्थ वाक्याची आमच्या समजुतीप्रमाणे हीच खूण आहे. उद्या काहीही उघडकीस आले तरी ते मागे घ्यावे लागत नाही. फक्त त्याच्या पुढे लिहावे लागते. कारण त्यात कोणी, केव्हा, काय केले एवढेच असते. कंपनी कशी ‘आहे’ याचा निवाडा लेखकाने आपल्या पदरी घेतलेला नसतो.

येथे एक हुशार मुलगी उठून म्हणाली, “पण बाई, २,७०० कोटी हा तर मोरशब्द नव्हता. तो आकडा होता. तोही खोटाच निघाला की!” तिची शंका रास्त होती व तिला गुळमुळीत उत्तर देऊन चालणार नव्हते. होय, तो आकडा हिशेबतपासनिसांच्या सहीनिशी आलेला होता, वर्तमानपत्रांत छापून आलेला होता, आणि जगातला कितीही तटस्थ कोशकार असता तरी त्याने तो लिहिलाच असता. तटस्थता ही सत्याची हमी देत नाही. तिच्याने एवढेच होते की, ‘कंपनीच्या अहवालाप्रमाणे’ हे दोन शब्द आकड्याच्या मागे उभे राहतात व आकडा कोणाच्या तोंडचा आहे हे वाचकाला कळते. अहवाल खोटा निघाला तर खोटे अहवालाच्या नावावर जमा होते. शुष्क वाटणाऱ्या या दोन शब्दांचे मोल फार मोठे आहे.

तथापि शब्द निवडण्यापेक्षाही मोठा पक्षपात गाळण्यात असतो. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमने मेटास या नावाच्या दोन कंपन्या विकत घेण्याचे ठरविले. रोमन लिपीत सत्यम हे नाव उलटे वाचले की मेटास होते. त्या कंपन्या राजू यांच्याच कुटुंबियांच्या होत्या. सुमारे १६० कोटी डॉलरांचा हा बेत भागधारकांच्या विरोधामुळे काही तासांतच सोडून द्यावा लागला. त्याच महिन्यात जागतिक बँकेने या कंपनीस आपल्या कामांतून आठ वर्षांसाठी बाद केल्याचे जाहीर झाले. बँकेच्या कर्मचाऱ्यांना गैरवाजवी लाभ दिल्याचे कारण तिने दिले होते. आता समजा, डिसेंबर २००८ च्या अखेरीस कोणी लेख लिहिला, त्यात सारी पारितोषिके तारखांसह नोंदविली, एकही मोरशब्द वापरला नाही, प्रत्येक वाक्याला आधार दिला, आणि या दोन घटना मात्र वगळल्या. या लेखातील प्रत्येक वाक्य खरे आहे. तरी लेख खोटा आहे. वाचताना ‘काय लिहिले आहे’ याबरोबर ‘काय लिहिलेले नाही’ हे पाहण्याची दृष्टी यावयास वेळ लागतो, ती पुस्तकातून शिकविता येत नाही. पण एक साधी युक्ती उपयोगी पडते. लेख बाजूस ठेवावा व त्याच कंपनीविषयी जुन्या वृत्तपत्रांत काय आले आहे ते पाच-दहा मिनिटे स्वतः चाळावे. जे वृत्तपत्रांत ठळकपणे आहे व लेखात मुळीच नाही, तेथे बोट ठेवावे.

याची उलट बाजूही आहे व ती सांगितल्यावाचून आमचा धडा लंगडा राहील. जानेवारी २००९ नंतर पुष्कळांच्या लेखी सत्यम म्हणजे केवळ एक लबाडी उरली. पण त्रेपन्न हजारांपैकी बहुतेक माणसे त्या सकाळीही कामावर गेली होती. त्यांनी लिहिलेल्या आज्ञावल्या खऱ्या होत्या, ज्यांच्यासाठी त्या लिहिल्या ते ग्राहकही पुष्कळसे खरे होते. केंद्र सरकारने जुने संचालक मंडळ दूर करून नवे नेमले, एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्रने कंपनी घेतली व २०१३ मध्ये ती तिच्यात विलीन झाली. १०८ हा आकडा फिरविला की येणारी रुग्णवाहिका आपल्या परिचयाची आहे. ती योजना २००५ मध्ये राजू यांच्याच पुढाकाराने सुरू झालेली होती. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू व इतर नऊ जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली. पुढच्याच महिन्यात अपिलात ती स्थगित होऊन त्यांना जामीन मिळाला. हे सारे एकाच लेखात आले पाहिजे. रुग्णवाहिकेने बनावट बिले धुतली जात नाहीत व बनावट बिलांनी रुग्णवाहिका पुसली जात नाही. तटस्थता म्हणजे निम्मी स्तुती व निम्मी निंदा असाही कित्येकांचा समज असतो, तोही चुकीचा. वजन आधारांवरून ठरते. ज्या गोष्टीवर न्यायालयाने निकाल दिला व जगभरच्या वृत्तपत्रांनी महिनोन्महिने लिहिले, ती अर्धा लेख व्यापील; ज्या पारितोषिकाची बातमी एकदाच आली त्याला एक ओळ पुरे.

आता आधारांविषयी. लेखाच्या तळाशी चाळीस संदर्भ दिसले की मुले हरखून जातात. संख्येने दिपून जाऊ नये. त्यांपैकी किती कंपनीच्या स्वतःच्या पानांवर नेतात, किती कंपनीच्या प्रमुखाच्या मुलाखतीवर, आणि किती प्रसिद्धिपत्रकावर, हे उघडून पाहावे. प्रसिद्धिपत्रक ओळखण्याची आमची एक जुनी खूण आहे : एकाच दिवशी तीन वृत्तपत्रांत तीच वाक्ये त्याच क्रमाने आली, बातमीदाराचे नाव कोठेच नाही, आणि बातमीत कोणालाही एकही अडचणीचा प्रश्न विचारलेला नाही, तर ती बातमी कंपनीच्या कचेरीत लिहिली गेली असे खुशाल समजावे. अशा संदर्भाचा काहीच उपयोग नाही असे नव्हे. कंपनी केव्हा निघाली, मुख्य कचेरी कोठे आहे, एवढ्यापुरता तिचा स्वतःचा शब्द चालतो. तिचा माल कसा आहे, यासाठी मात्र तिच्याहून स्वतंत्र अशा कोणाचा तरी शब्द हवा. तो नसेल तर त्या कंपनीवर मुळी लेखच असू नये, असा त्या कोशाचा दंडक आहे. यात कोणाचा अपमान नाही. आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर जे इराणी हॉटेल आहे त्याच्यावर कोणत्याही कोशात लेख नाही व बहुधा होणारही नाही. त्याने चहाची चव उतरलेली आम्हास कधी जाणवली नाही.

फार थोड्या वाचकांना ठाऊक असते की, विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाच्या माथ्यावर ‘चर्चा’ व ‘इतिहास पहा’ अशा दोन कळी असतात. इतिहास उघडला की कोणते वाक्य कोणी, कोणत्या दिवशी घातले व कोणी काढले, याची पूर्ण वही समोर येते. छापील कोशात ही सोय नव्हती. केतकरांनी कोणता परिच्छेद का खोडला हे आपल्याला कधीच कळावयाचे नाही. येथे ते कळते. एखाद्या सदस्याने आयुष्यात एकाच कंपनीवर लिहिले आहे, दुसऱ्या कशावरही नाही. टीकेचा परिच्छेद कोणी घातला की तो तासाभरात नाहीसा होतो. असे दिसले की काय समजावयाचे ते समजावे. आम्ही त्या बिस्किट-कारखान्याच्या लेखाचा इतिहास मुलांना उघडून दाखविला, तेव्हा ‘अखंड ध्यास’ हे शब्द घालणाऱ्या सदस्याने त्या एका लेखाखेरीज कोशात कोठेही हात लावला नव्हता असे दिसले. मुलांना तपासनीस झाल्याचा आनंद झाला.

परंतु हे प्रकरण नेहमीच इतके निरुपद्रवी नसते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजी विकिपीडियावर ३८१ खाती एकदम बंद करावी लागली. त्या खात्यांमागची टोळी लहान लहान धंद्यांवर लेख लिही व पुढे ते लेख ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ त्यांच्याकडून पैसे मागे. गल्लीतल्या दादाने दुकानदाराकडून हप्ता घ्यावा, त्यातला हा प्रकार. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या देशातील एका व्यवस्थापन-शिक्षण संस्थेवरून, आय. आय. पी. एम.वरून, एक प्रकरण गाजले. टोपणनावाने लिहिणारा एक सदस्य वर्षानुवर्षे त्या संस्थेच्या लेखात तिला अनुकूल असे पक्षपाती संपादन करीत होता. आणि तो साधा सदस्य नव्हता, त्याला प्रचालकाचे, म्हणजे कोशाच्या चौकीदाराचे, अधिकार मिळालेले होते. कोशाच्या लवाद समितीने त्याला बाद केले. तत्पूर्वी, २०१४ च्या सप्टेंबरात, दिल्ली उच्च न्यायालयाने त्या संस्थेस एम. बी. ए. इत्यादी पदव्यांची नावे आपल्या अभ्यासक्रमांसाठी वापरण्यास मनाई केली होती. वर्गात बसून फी भरणारी मुले मधल्या वर्षांत तो लेख वाचत होती.

हे लिहिताना आम्हास आमची एक माजी विद्यार्थिनी आठवते. शहाणी, कष्टाळू मुलगी. वडील रेल्वेत कारकून. बारावीनंतर तिने एका खाजगी प्रशिक्षण संस्थेत नाव घातले. संस्थेचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. नाव घालण्यापूर्वी वडिलांनी तिला चौकशी करावयास सांगितले होते व तिने ती केलीही होती. जाहिरातीवर विश्वास ठेवू नये हे तिला आम्हीच शिकविले होते; म्हणून तिने जाहिरात बाजूस ठेवली आणि ज्ञानकोशातील लेख वाचला. तेथे संस्था ‘मान्यताप्राप्त’ होती. कोणाची मान्यता, हे लिहिलेले नव्हते. वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून पैसे भरले. ती मान्यता कोठल्याही शासकीय यादीत नाही असे कळले तेव्हा दीड वर्ष गेले होते. ती आम्हास भेटावयास आली तेव्हा रडली नाही, एवढेच म्हणाली, “बाई, मी जाहिरात वाचलीच नव्हती.” ‘मान्यताप्राप्त’ हाही एक मोरशब्दच, हे आम्ही तिला शिकविले नव्हते. तो शब्द दिसतो साधा, कागदी; त्याला पिसारा नाही. शिकविण्यात आमची जी उणीव राहिली तिची भरपाई म्हणून तरी हा लेख लिहावयास हवा होता.

आणखी एक गोष्ट, जी आमच्यासारख्यांना विशेष जाणवते. आमची मातृभाषा कोंकणी. गोवा विद्यापीठाने सिद्ध केलेला कोंकणी विश्वकोश सर्वांना मुक्तपणे वापरता येईल असा २०१३ मध्ये खुला झाला आणि २०१५ मध्ये कोंकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे उभा राहिला. त्याचा आम्हास अभिमान आहे. पण लहान भाषांच्या कोशांत राखण करणारे डोळेही थोडे असतात. इंग्रजी लेखातला मोरशब्द कोणीतरी चार दिवसांत उपटून काढतो; मराठीत तो चार महिने राहील, कोंकणीत कदाचित चार वर्षे. गावाबाहेरच्या शेताला कुंपण घालावयास शेजारी नसले म्हणजे जसे होते तसे. आमच्या दहावीतील तीन विद्यार्थ्यांनी या वर्षी मराठी विकिपीडियावर खाती उघडली आहेत. ते नवे लेख लिहीत नाहीत. शहरातील कंपन्यांवरचे लेख वाचतात, निराधार विशेषणे दिसली की चर्चेच्या पानावर नम्रपणे ‘यास आधार कोणता?’ असे विचारतात, आणि आठ दिवसांत उत्तर न आल्यास विशेषण काढून टाकतात. एका कंपनीच्या लेखातून त्यांनी ‘अग्रगण्य’ काढला, तो दुसऱ्या दिवशी परत आला. पुन्हा काढला, पुन्हा आला. तेव्हापासून ते त्या लेखाच्या चर्चेत अतिशय सभ्य भाषेत भांडत आहेत.

बिस्किट-कारखान्याची नोंद त्या नववीतील मुलाने पुन्हा लिहून आणली. दीडशे शब्दांची नोंद आता पाच ओळींची झाली होती, आणि ती आणून देताना तो थोडा खजील दिसत होता. ‘अखंड ध्यास’ गेला होता, ‘अतूट विश्वास’ गेला होता. उरला होता तो कारखान्याचा पत्ता, बिस्किटांचे दोन प्रकार, एका वृत्तपत्रात आलेली संपाची बातमी तिच्या तारखेसह, आणि स्थापनेचे वर्ष. हे वर्ष कंपनीच्या पानावर एक होते व कारखान्याच्या फाटकावरील दगडी पाटीवर दुसरेच. त्याने दोन्ही लिहिली होती व प्रत्येकापुढे ते कोठे पाहिले ते नोंदविले होते. पाटी वाचण्यासाठी तो रविवारी सायकलवरून तेथवर गेला होता. कोणते वर्ष खरे, हे विचारण्यासाठी तो सुट्टीत कारखान्याच्या एका निवृत्त मुकादमाला भेटणार आहे.